ऱ्ह

कऱ्हाडच्या पतसंस्थेत, जिन्याखालच्या खोलीत
मला एकच काम दिलंय: दुबार खातेदार शोधा.
अकरा हजार सातशे नावं.
नावासमोर नाव उभं करायचं
आणि यंत्रानं सांगायचं, खरं की खोटं.

एक बरोबर म्हणजे बरोबरी नव्हे,
सर सांगायचे, ते बारसं आहे:
डावीकडे पाळणा,
उजवीकडचं मूल उचलून त्यात ठेवायचं.
दोन बरोबर म्हणजे विचारणा, ही तीच का?
पण भोळी विचारणा. तिला
अवतरणातला पाच आणि हिशेबातला पाच सारखेच.
तीन बरोबर म्हणजे सोयरीक ठरवायला आलेली आत्या,
नाव, गाव, सगळं जुळलं तरी
पान लावता लावता विचारणार,
"पण मूळचे कुठले तुम्ही?"

जन्मतारखांनी आधी गंडवलं.
चार हजार माणसं एक जूनला जन्मलेली.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी
अख्ख्या तालुक्याची एकाच दिवशी सुटका केली होती.
काहींची तारीखच नव्हती.
ती रिकामी घरं मी एकमेकांना लावून पाहिली.
यंत्र हो म्हणेना,
नाहीही म्हणेना.
ठाऊक नाही आणि ठाऊक नाही
यांची बरोबरी कोण सांगणार?

मग आल्या तानुबाई कुऱ्हाडे.
खातं सहाशे बारा, खातं नऊ हजार तीन.
पडद्यावर एकाखाली एक,
वेलांटी न् वेलांटी सारखी.
यंत्र म्हणालं, खोटं.
पुन्हा विचारलं. खोटं.
दुपारभर मी नाव सोलत बसले, अक्षर अक्षर.
तेव्हा सापडलं:
एका ठिकाणी ऱ्ह आलेला तयार, एका कळीनं,
दुसऱ्या ठिकाणी कुणी साध्या र चा पाय मोडून
त्याच्या मागे एक अक्षर दडवलेलं
जे दिसत नाही, ज्याला रुंदीच नाही.
डोळ्याला भुवई तीच.
आत माणूस वेगळा.

हे दुरुस्त करता येतं.
तुलनेआधी सगळ्या ऱ्ह ना एका मापाचे कपडे घालायचे, बस.
चार ओळींचं काम. मी ते केलं,
आणि डुबल साहेबांना कळवायच्या आधी
तानुबाईंना सही करायला बोलावलं.

त्या आल्या ओगलेवाडीहून, भर उन्हात.
दोन्ही पासबुकं टेबलावर ठेवली.
एकात चारशे तीस.
दुसऱ्यात एकेचाळीस हजार.
मी म्हटलं, "दोन्ही तुमचीच ना?"
"माझीच की."
"मग एक करून टाकू."
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
पुन्हा एकदा दाराकडे.
"ही मालकांना दावायची," त्या म्हणाल्या चारशे तीसवर बोट ठेवून.
"आन् ही माझी.
मालक गेलं. आता थोरला हाय.
ऱ्हाऊ द्या की दोन."

ऱ्हाऊ. त्यांच्या तोंडून तो ऱ्ह
असा निघाला, एकसंध, दाट,
कुठल्या कळीनं काढला हे
कुठल्याच यंत्राला उकललं नसतं.

संध्याकाळी संगमावर गेले.
कृष्णा आणि कोयना तिथे
वळणावळणानं भेटत नाहीत,
समोरासमोर येऊन छातीला छाती लावतात,
आणि पुढे जे वाहतं त्याला सगळे कृष्णा म्हणतात.
कुणी विचारलं नव्हतं.
तो एक बरोबर आहे.
दोन नव्हेत.

डुबल साहेबांनी फोनवर विचारलं, "किती निघाले दुबार?"
"दोनशे चौदा," मी म्हटलं.
"सकाळी पंधरा म्हणाला होतात."
"पुन्हा तपासलं," मी म्हटलं. "एक नाव वेगळं निघालं."
ते खरंच होतं.

निघताना त्यांनी एक पासबुक पिशवीत टाकलं होतं,
दुसरं कमरेच्या चंचीत, पानसुपारीखाली,
आणि जिना चढताना
हात चंचीवरच होता.